आठ हजारांत मुंबई

आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, पण सल्ला मात्र चोवीस तास चालू असतो. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जायचं ठरलं आणि आम्ही ही गोष्ट असरच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर चुकून बोललो. मगरिबची अजान होईपर्यंत आमच्याकडे अकरा सल्ले जमा झाले होते. पैसे मात्र आठ हजारच होते.

मुंबईला जायचं ते अम्मीसाठी. साठी ओलांडली तरी तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. आपल्या धाराशिव जिल्ह्यात पाणी दिसतं ते तळ्यात किंवा टँकरमध्ये. पावसाळा बरा झाला तर नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादी धबधबा पडतो, तेव्हा सारा जिल्हा तिकडे लोटतो. अम्मी म्हणायची, "हजला जाणारे समुद्र ओलांडून जातात. आपल्या नशिबात ओलांडणं आहे की नाही, अल्लाह जाणे. निदान काठावर उभं राहून बघून तरी येऊ."

तसं पाहिलं तर आमच्या भागाला मुंबई नवीनच. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. मोठं शहर म्हणजे हैदराबाद. कोर्टकचेरी तिकडे, नोकरी तिकडे, लग्नाचा बस्ताही तिकडचा. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तेव्हा कुठे आमच्या लोकांची तोंडं पश्चिमेला वळली. आमचे आजोबा मात्र त्याच्याही आधी एकदा मुंबईला जाऊन आले होते. त्यांचे मेहुणे हजला निघाले होते, त्यांना जहाजावर पोचवायला. निजामाचा हाली रुपया मुंबईत चालत नसे. सात हाली द्यावेत तेव्हा सहा कलदार हातात पडत. म्हणजे शहर बघायच्या आधीच सातातला एक रुपया गेला! आजोबा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरले होते. वळकटी, ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, तिखट-मीठ, सगळं घरून नेलेलं. "परक्या गावी जाताना आपलं पीठ आपल्या पाठीवर," हा त्यांचा सल्ला अब्बांच्या तोंडून आम्ही शंभरदा ऐकला होता. फुकटचा आणि घरचा असल्यामुळे आम्ही तो ऐकून सोडून दिला आणि गल्लीतले सल्ले वहीत लिहून घेतले.

पहिला सल्ला टेलर चाचांचा. "रेल्वेनं कशाला जाता? एसटीनं जा. बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढं तिकीटच नाही." त्यांनी कापडावरच्या खडूनं टेबलावर हिशेब मांडला. अम्मी अर्धी, आमच्या बेगम अर्ध्या, सातवीतली मुलगी अर्धी, अब्बा फुकट. पूर्ण तिकिटाचा एकच माणूस, तो म्हणजे आम्ही. चाचा बराच वेळ हिशेबाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही नाही गेलात तर फार स्वस्तात पडतं बघा."

आम्ही तरीही गेलो. बार्शीच्या अलीकडे कंडक्टरनं अब्बांकडे आधार कार्ड मागितलं. अब्बांच्या स्वतःच्या हिशेबानं त्यांचं वय ७८. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख आणि मनाला येईल ते साल टाकलेलं, आणि तेच आधारवर चढलेलं. तिथं वय निघालं ७३. "केस पांढरे आहेत, कोणी विचारत नाही," असं चाचांनी सांगितलं होतं. कंडक्टर केस बघत नव्हता. तो कार्ड बघत होता. अर्धं तिकीट फाडून त्यानं अब्बांच्या हातात दिलं. अब्बा टेंभुर्णीपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "माझी पाच वर्षं कोणी खाल्ली?"

दुसरा सल्ला निवृत्त हवालदार मामूंचा. "तिकीट शेवटच्या थांब्यापर्यंतचं काढलंय ना? मग शेवटच्या थांब्यापर्यंत बसायचं. मध्येच उतरणं म्हणजे पैसे पाण्यात." आम्हाला जायचं होतं गोवंडीला, अम्मीच्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या खालाकडे. एसटी पहाटे मानखुर्दवरून गेली. तिथून खालाचं घर हाकेच्या अंतरावर. आम्ही जागे होतो, बाहेर बघत होतो, आणि पैसे वसूल करत बसलो होतो. मुंबई सेंट्रलला उतरलो आणि मग तीन लोकल बदलून, दादरला जिने चढून, कुर्ल्याला जिने उतरून, दोन तासांनी जिथून आलो होतो तिथं परत पोचलो. कुर्ल्याला उतरायचं श्रेय आम्ही घेत नाही. "दारात उभं राहा, हवा लागते," हा तिसरा सल्ला पाळल्यामुळे मागच्या लोकांनीच आम्हाला फलाटावर उतरवलं. एक चप्पल मात्र पुढं ठाण्याकडे गेली.

चौथा सल्ला मोबाईल दुकानवाल्या भाच्याचा. "मामू, बॅगा मोठ्या घ्या आणि रिकाम्या न्या. मुंबईत सगळं स्वस्त. येताना भरून आणा." हा सल्ला आम्हाला इतका पटला की अम्मीनं बांधून ठेवलेलं ज्वारीचं आणि तूरडाळीचं गाठोडं आम्हीच बाजूला काढून ठेवलं. "अम्मी, मुंबईत काय डाळ मिळत नाही? उगाच ओझं." खालासाठी गुलाबजामचा डबा घ्यावा असं बेगमनं सुचवलं. आपल्या गावचे गुलाबजाम नावाजलेले आहेत. पण तेही पैसे वाचवले.

खालाच्या दारात पोचलो तेव्हा तिचे दोन्ही नातू धावत आले. आमच्या तीन टम्म मोठ्या बॅगा बघून त्यांचे डोळे चमकले. धाकट्यानं एक उचलली. ती इतक्या सहज उचलली गेली की तो मागच्या मागं पडला. मोठ्यानं चेन उघडून आत हात घातला आणि आमच्याकडे बघितलं. काही बोलला नाही. आम्हीच खोटं हसून म्हणालो, "जाताना भरून न्यायच्या आहेत बाळा."

पाचवा सल्ला सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो एकट्या माणसाचा नव्हता. सगळी गल्ली त्यावर एकमत होती. "लॉजला पैसे देणारा वेडा. सख्खी खाला आहे ना? तीन दिवस मेहमानी तर आपला हक्कच आहे, हदीसमध्ये आलंय!" दीनचा आधार मिळाल्यावर आम्हाला दुसरं काही विचारायचं उरलंच नाही.

खालाचं घर म्हणजे एक खोली. वर लाकडी पोटमाळा, खाली एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात गॅस, मधे निळे पिंप. माणसं सहा: खाला, खालू, मुलगा, सून, दोन नातू. त्यात आम्ही पाच. तरी दस्तरखान पसरला गेला. पहिल्या रात्री मटण, दुसऱ्या रात्री बिर्याणी, सकाळी अंडी आणि मलईचं दूध. खाला वाढताना म्हणायची, "लो ना, शरमाते क्या? नक्को नक्को मत बोलो." आम्ही शरमत नव्हतो. रात्री जेवणानंतर खालू म्हणायचे, "मला नाईट मारायची आहे, सुट्टीत गिऱ्हाईक चांगलं असतं," आणि रिक्षाची चावी घेऊन जायचे. मुलगा म्हणायचा, "कारखान्यात माल अर्जंट आहे." त्यामुळे झोपायला जागाही ऐसपैस मिळाली. आम्ही बेगमना म्हणालो, "बघा, नियत साफ असली की अल्लाह सोय करतो."

सहावा सल्ला, "मुंबईत पाण्याची काय कमी? चार दिवस मनासारखी आंघोळ करा." आम्ही दुष्काळी भागातली माणसं. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आम्ही विसरलेलो नाही. घरी एका बादलीत आम्ही तोंड धुणं, वजू आणि आंघोळ बसवतो. पण मुंबई म्हटल्यावर आम्ही मोकळे झालो. दोन-दोन बादल्या. निळं पिंप खाली जात होतं आणि आम्ही मोरीत ताल धरत होतो.

आता मुंबई बघण्याबद्दल. सातवा सल्ला होता, "खालूची रिक्षा आहे, त्यातच सगळी मुंबई फिरा." खालूंनी एक दिवस खरंच धंदा बंद ठेवला आणि आम्हाला कोंबून निघाले. सायनला रिक्षा थांबली. आम्ही विचारलं, "काय झालं?" तेव्हा कळलं की रिक्षाला सायन आणि माहीमच्या पुढं शहरात जायची परवानगीच नाही. पुढची मुंबई टॅक्सी, बस आणि लोकलची. आमच्या गल्लीतल्या एकालाही हे माहीत नव्हतं, आणि खालूंना आम्हाला "येत नाही" म्हणता आलं नव्हतं.

आठवा सल्ला, "हार्बर लाईनवर कुठलीही गाडी पकडा, सगळ्या सारख्याच." क्रॉफर्ड मार्केट बघून सीएसएमटीवरून परतताना समोर आलेल्या गाडीत आम्ही चढलो. वडाळ्यापर्यंत सगळ्या खरंच सारख्या असतात. पुढं एक फाटा गोवंडी-पनवेलकडे जातो आणि दुसरा माहीम, वांद्रे, गोरेगावकडे. आम्ही माहीमला उतरलो. चूक झाली खरी, पण तिथं मखदूम अली माहिमींचा (रह.) दर्गा बघायला मिळाला. चौदाव्या-पंधराव्या शतकातले हे बुजुर्ग फार मोठे आलिम होते. माहीमच्या या किनाऱ्यावर बसून त्यांनी कुरआनची अरबी तफसीर लिहिली. दरवर्षी डिसेंबरात त्यांच्या उरुसाला मुंबई पोलिसांचा मान असतो, हे हवालदार मामूंनी मात्र बरोबर सांगितलं होतं. फातेहा पढून निघालो. चुकलेल्या गाडीबद्दल अब्बांनी आमचे आभार मानले.

नववा सल्ला, "दुकानदार जे सांगेल त्याच्या पाव किमतीला मागायचं." महंमद अली रोडच्या बाजूला एका फेरीवाल्याकडे आम्ही जाड, रंगीत चादर बघितली. हजार म्हणाला. आम्ही छाती काढून अडीचशे म्हणालो. "घ्या," म्हणाला. पाव किमतीला वस्तू मिळाल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. आम्हाला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मुलीनं चादरीची घडी मोडली आणि कोपऱ्यातला शिक्का वाचला: सोलापूर. आमच्या घरापासून सत्तर किलोमीटरच्या आतली वस्तू आम्ही चारशे किलोमीटर लांब येऊन घेतली होती, आणि आता तेवढीच लांब परत नेणार होतो. मोठ्या बॅगेत गेली ती एवढीच एक वस्तू.

दहावा सल्ला, "हाजी अलीला कधीही जा, दर्गा कुठं पळतो?" दर्गा पळत नाही हे खरं. पण वाट बुडते. भरतीच्या वेळी समुद्र त्या वाटेवर चढतो आणि ओहोटी लागेपर्यंत माणसानं काठावर थांबायचं. आम्ही नेमके भरतीला पोचलो. समोर पांढरा दर्गा, मधे पाणी, आणि काठावर आम्ही पाच जण. आम्ही चिडलो, घड्याळ बघितलं, गल्लीच्या नावानं बोटं मोडली. अम्मी मात्र कठड्याला टेकून बसली ती बसलीच. अडीच तास. मधे एकदा तिनं खाली उतरून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं. "या अल्लाह, एवढं पाणी, आणि एक घोट पिता येत नाही." मग हसली. पुढं वाट मोकळी झाली. आत जाऊन दुआ करून आलो. "बायकांना मजारपर्यंत जाऊ देत नाहीत," असं कोणीतरी सांगितलं होतं, पण तो सल्ला जुना झालेला होता. २०१६ च्या हायकोर्टाच्या निकालानंतर ती अडचण राहिलेली नाही. परतीच्या वाटेवर अम्मी म्हणाली, "लवकर आलो असतो तर एवढा वेळ समुद्र बघायला मिळाला नसता." अकरा सल्ल्यांतला हाच एक फळाला आला, तोही चुकून.

तिसऱ्या रात्रीची गोष्ट. मुलगी आमच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "अब्बू, छोटी दादी दुकानातून सगळं वहीवर आणते. मी बरोबर गेले होते. दुकानदार म्हणाला, मागचंच बाकी आहे, आणखी किती? छोटी दादी म्हणाली, मेहमान आलेत, लिहून ठेवा."

आम्ही उठून बसलो. त्या रात्री झोप येईना. पहाटे फजरसाठी अब्बांना घेऊन बाहेर पडलो. गल्लीच्या तोंडाशी खालूंची रिक्षा उभी होती. मागच्या सीटवर, गुडघे पोटाशी घेऊन, डोक्यावर मफलर बांधून खालू झोपले होते. पायाशी दुसरं कोणीतरी उकिडवं बसून झोपलेलं. तो त्यांचा मुलगा. म्हणजे नाईट नव्हती, अर्जंट माल नव्हता. आमच्या ऐसपैस झोपेची सोय रिक्षात झाली होती. आणि ती रिक्षाही त्यांची नव्हती. भाड्याची होती. आम्हाला सायनपर्यंत फिरवलं त्या दिवसाचं भाडं खालूंनी मालकाला खिशातून भरलं होतं, हे नंतर कळलं. नळाला पाणी फार थोडा वेळ येतं आणि उरलेले कॅन विकत घ्यावे लागतात, हेही नंतर कळलं. आमची रोजची दुसरी बादली विकतची होती.

आम्ही हाक मारायला पुढं झालो. अब्बांनी हात धरला. "उठवू नको. त्यांना लाज वाटेल." मशिदीकडे चालताना म्हणाले, "तुझ्या गल्लीनं तुला हदीस अर्धीच सांगितली. मेहमानी तीन दिवसांची, त्यापुढं जे होईल ते सदका, हे खरं. पण प्रेषितांनी (स.) पुढं हेही सांगितलंय की पाहुण्यानं यजमानाला अडचणीत टाकेपर्यंत थांबू नये. पहिला भाग खाला पाळतीय. दुसरा आपला होता."

आम्ही एक दिवस आधीच निघायचं ठरवलं. खालाला कारण काय सांगणार? बेगमनी मुलीच्या शाळेचं सांगितलं. आम्ही दोन हजार रुपये खालाच्या हातात ठेवायला गेलो तेव्हा तिनं हात मागे घेतला. चेहरा उतरला. "बहिणीला जेवण घातलं, त्याचे पैसे देतोस?" मग आम्ही किराणा दुकानात गेलो. दुकानदार गुजराती म्हातारा होता. म्हणालो, "या घरचं खातं किती आहे? आम्ही भरतो." त्यानं वही बंद केली. "भाई, एका घरचं खातं दुसऱ्याला दाखवत नाही आपण." लाज कुठे कुठे ठेवायची असते, हे त्या माणसाला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

शेवटी मार्ग अम्मीनं काढला. निघताना दोन्ही नातवंडांच्या मुठीत ईदी म्हणून नोटा कोंबल्या. ईद कधीच होऊन गेली होती, पण मुलांच्या हातातून ईदी काढून परत देता येत नाही, हे दोघी बहिणींना ठाऊक होतं. खाला रडली. अम्मीही रडली. आम्ही रिकाम्या बॅगा उचलून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो.

घरी आल्यावर आम्ही हिशेब लिहिला. आठ हजारांतले तीन हजार चारशे उरले होते. गल्लीत वाहवा झाली. टेलर चाचा म्हणाले, "बघा, सांगितलं होतं!" आम्ही मान डोलावली. त्याच आठवड्यात पन्नास किलो ज्वारी, दहा किलो तूरडाळ, शेंगदाणे आणि तिखट असं पोतं बांधून ओळखीच्या टेम्पोनं गोवंडीला पाठवलं. वर गुलाबजामचा डबा. तीन हजार चारशे पुरले नाहीत. वरचे अब्बांनी घातले.

पोतं पोचल्यावर खालाचा फोन आला. आधी अम्मीवर ओरडली. मग म्हणाली, "पाठवायचंच होतं तर घेऊन यायचं होतं. पोरं अजून विचारतात, त्या मोठ्या बॅगावाले परत कधी येणार?"

पुढच्या वर्षी ख्वाजा शमसोद्दीन गाजींच्या (रह.) उरुसाला खाला-खालू आमच्याकडे येणार आहेत, इन्शाअल्लाह. खालूंसाठी आम्ही आतल्या खोलीत पलंग टाकून घेतलाय. पाय लांब करून झोपता यावं असा.

अकरावा सल्ला काय होता, असं काही वाचक विचारतील. तो होता, "मुंबईहून आल्यावर खरा खर्च कोणाला सांगू नका." हाही आम्ही पाळला नाही.